मेंदू, मती आणि मनुष्यस्वभाव

(व्याख्यानाची संहिता)



एखाद्या देवस्थानाचा खजिनदार वीस वर्षे पैपैचा हिशेब चोख ठेवीत आलेला आहे, असे समजा. साठीच्या आसपास त्याचे वागणे पालटते. पावत्या सापडेनाशा होतात. ज्या तोंडून कधी अपशब्द निघाला नव्हता, त्या तोंडी भर सभेत शिवी येते. मर्तिकाच्या घरी तो मोठ्याने हसतो. स्मरणशक्ती मात्र शाबूत. कोणत्या साली कोणी किती देणगी दिली, ते तो घडाघडा सांगतो. घरची माणसे म्हणतात, ‘मती फिरली’. बाहेरचे म्हणतात, ‘मूळ स्वभाव आता उघडा पडला’. दोन्ही वाक्ये वरवर सारखी वाटतात, पण त्यांत अंतर मोठे आहे. पहिले म्हणते, या माणसाला काही तरी झाले. दुसरे म्हणते, तो पहिल्यापासून असाच होता. यांतले खरे कोणते, हा प्रश्न तत्त्वज्ञांचा आहेच. परंतु गेल्या पावणेदोनशे वर्षांत तो वैद्यकाचाही झाला, आणि त्याला निमित्त झाला अमेरिकेतील रेल्वेमार्गावरचा एक मुकादम.

त्याचे नाव फिनिअस गेज. वय २५. दिनांक १३ सप्टेंबर १८४८ रोजी व्हरमाँट राज्यातील कॅव्हेंडिश गावाजवळ त्याची टोळी खडक फोडीत होती. खडकात भोक पाडावयाचे, त्यात दारू घालून वात ठेवावयाची, वर वाळू ओतावयाची आणि मग लोखंडी पहारेने ते सारे ठासावयाचे, अशी ती रीत. गेजची पहार ३ फूट ७ इंच लांब, सव्वा इंच जाड आणि सव्वातेरा पौंड वजनाची होती. त्या दिवशी पहार खडकावर घासून ठिणगी पडली आणि सुरुंग उडाला. पहार गेजच्या डाव्या गालाखालून शिरली, डाव्या डोळ्यामागून गेली आणि डोक्याच्या माथ्यातून बाहेर पडून दूर जाऊन पडली. काही मिनिटांतच गेज बोलू लागला. बैलगाडीत ताठ बसून तो मुक्कामी आला आणि गाडीतून उतरून, थोडा आधार घेऊन, जिना चढला. पुढे जखम चिघळली व तो मरणाच्या दारापर्यंत गेला; परंतु डॉक्टर जॉन हार्लो यांनी त्याला वाचविले. दहा आठवड्यांनी तो आपल्या घरी परतला. डावा डोळा गेला होता. चालणे, बोलणे, स्मरण, सर्व काही जागेवर होते.

आणि तरीही तो पूर्वीचा राहिला नव्हता. हार्लो यांनी १८६८ साली जे लिहिले त्याचा आशय असा, की हा समतोल बुद्धीचा, कामात तरबेज असा माणूस लहरी, हट्टी व तोंडाळ झाला. सोबत्यांची पर्वा करीना, मनाविरुद्ध सल्ला ऐकून घेईना. आज एक बेत करावा, उद्या तो सोडून दुसरा धरावा, असे चाले. ज्या मालकांनी त्याला आपला सर्वांत कर्तबगार मुकादम मानले होते, त्यांनी त्याला त्या जागेवर पुन्हा घेतले नाही. स्नेही म्हणू लागले, हा आपला गेज नव्हे.

त्या पहारेने नेले ते काय? २०१२ साली संगणकाच्या साहाय्याने जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यानुसार मेंदूच्या वरच्या सालीचा सुमारे ४ टक्के भाग आणि तिच्या आतून जाणाऱ्या श्वेत तंतूंचा सुमारे ११ टक्के भाग तिने उद्ध्वस्त केला. ही हानी मुख्यतः डाव्या ललाटखंडाची, म्हणजे कपाळामागच्या भागाची होती. मराठीत कपाळ म्हणजे नशीब. सटवाई तेथे लिहून जाते म्हणतात. कपाळाच्या आत काय चालते, ते शास्त्राने पुढे हळूहळू वाचले.

वेदान्तातील रज्जुसर्पाचा दृष्टान्त सर्वांच्या परिचयाचा आहे. संधिप्रकाशात दोरी पाहून मनुष्य दचकतो. पाय मागे घेतला जातो, छाती धडधडू लागते, आणि हे सर्व ‘साप’ हा विचार पुरता होण्याच्या आधी घडते. हे काम मेंदूच्या खोल भागातील बदामाएवढ्या एका पुंजक्याचे. त्याचे नावही ग्रीक भाषेतील बदामावरूनच पडले आहे: अमिग्डला. धोक्याची पहिली घंटा तो वाजवितो. क्षणभराने सावकाशीचा, पारख करणारा भाग सांगतो की ही दोरी आहे, आणि कपाळामागचा भाग त्या घंटेला आवरतो. भ्रम कसा होतो हे वेदान्ताने सांगितले. भ्रम फिटल्यावरही छाती थोडा वेळ का धडधडत राहते, याचे उत्तर या रचनेत सापडते. क्रोधाचेही असेच आहे. उठलेला हात खाली आणण्याचे काम कपाळामागे होते, आणि हा भाग सर्वांत उशिरा, विशी उलटल्यानंतर परिपक्व होतो. सोळा वर्षांच्या मुलाला ‘तुला अक्कल कधी येणार’ असे विचारणाऱ्या वडिलांनी हे ध्यानी घ्यावे.

येथवर ऐकून असे वाटेल, की भावना हा उधळलेला घोडा आणि बुद्धी हा लगाम. लगाम मजबूत असला की झाले. परंतु आयोवा येथील डॉक्टर अंतोनियो दमासियो यांच्या एका रुग्णाने हा समज डळमळीत केला. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दमासियो त्याला एलियट या टोपणनावाने ओळखतात. त्याच्या कपाळामागची गाठ काढताना ललाटखंडाचा काही भागही काढावा लागला. पुढे बुद्धीच्या कसोट्यांत तो उत्तम उतरे. स्मरण, भाषा, हिशेब, कशातही उणे नाही. पण कचेरीत कागद लावावयास बसला, की ते तारखेवार लावावेत की विषयवार, याच विचारात त्याची सारी दुपार जाई. नोकरी गेली, सर्वांनी नको म्हटलेल्या माणसाबरोबर धंदा करून तो बुडाला, संसार मोडला. आपल्या नुकसानीची हकीकत तो परक्याची गोष्ट सांगावी तशी सांगे. भयानक चित्रे दाखविली, तर पूर्वी हे पाहून काही तरी वाटले असते, आता वाटत नाही, एवढे त्याला कळे. त्याचे घोडे उधळले नव्हते. ते चालतच नव्हते. हे योग्य, ते अयोग्य असा कौल आधी भावना देते, मग बुद्धी त्याला कारणे जोडते. तो कौल नाहीसा झाला, की सर्व पर्याय सारख्याच वजनाचे होतात आणि निवड करावयाची ती कशाच्या आधारे, हेच उरत नाही.

या इतिहासात एक दुवा गोव्याशीही येऊन मिळतो. पणजीच्या जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा पुतळा उभा आहे. १९४५ साली तो शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविला. कांदोळीला १७५६ साली जन्मलेल्या फारियांनी पॅरिसमध्ये असे प्रतिपादन केले, की संमोहनाची निद्रा प्रयोग करणाराच्या कोणत्याही गूढ शक्तीने येत नाही, ती ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्याच मनातून येते. लिस्बनला राणीसमोर प्रवचनास उभे राहिले असता त्यांची वाचा बसली आणि वडिलांनी हळूच ‘कातर रे भाजी’ म्हणताच ती मोकळी झाली, ही आख्यायिका गोव्यात घरोघर सांगतात. या फारियांवर १९२५ साली ग्रंथ लिहिला तो एगाश मोनीश या पोर्तुगीज मज्जाविकारतज्ज्ञाने. याच मोनीशने १९३५ साली लिस्बनमध्ये मनोरुग्णांच्या ललाटखंडाचे तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली, आणि १९४९ साली त्याला तीबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. काही रुग्ण शांत झाले खरे. पण त्यांतल्या अनेकांची आच, उमेद, आपलेपण त्याबरोबरच गेले. अमेरिकेत ही शस्त्रक्रिया हजारोंवर झाली. पुढे अध्यक्ष झालेल्या जॉन केनेडी यांची बहीण रोझमेरी हिच्यावर १९४१ साली ती झाली. त्यानंतर ती उरलेले सारे आयुष्य परावलंबी राहिली. एका माणसाच्या मनाच्या सामर्थ्याचा गौरव ज्याने लिहिला, त्याच्याच हातून हे सुरू व्हावे, ही गोष्ट मनाला लागून राहते.

गेजची कथा मात्र पाठ्यपुस्तके अर्ध्यावर सोडतात. पुष्कळांनी तर त्याला दारुडा व भटक्या करून टाकले, ज्याला आधार नाही. १८५२ साली गेज चिलीला गेला आणि तेथे अनेक वर्षे व्हालपारायसो ते सांतियागो या मार्गावर घोड्यांची टपालगाडी हाकीत राहिला. कधी सहा-सहा घोडे, लादलेली गाडी, अवघड रस्ता, परकी भाषा, उतारूंशी सभ्यतेने वागावयाचे. ज्याला लगाम राहिलाच नाही अशा माणसाचे हे काम नव्हे. कठोपनिषदातील रथाचे रूपक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना येथे थोडे हसू आल्यावाचून राहणार नाही. माल्कम मॅकमिलन या संशोधकाने २००० साली गेजवर ग्रंथ लिहून हा उत्तरार्ध उजेडात आणला. त्याचे मत असे, की रोज तीच वेळ, तेच घोडे, तीच कामे याच क्रमाने, अशा बांधीव दिनक्रमाने गेजला गमावलेले बरेचसे परत मिळवून दिले. जे कपाळाच्या आत मोडले होते, त्याला बाहेरून टेकू मिळाला. अखेरीस त्याला फेफरे येऊ लागले आणि २१ मे १८६० रोजी सॅन फ्रान्सिस्को परिसरात, आईच्या सहवासात, तो वारला. भाच्यांना तो आपल्या पराक्रमाच्या कपोलकल्पित गोष्टी सांगत असे, ही आठवण त्याच्या आईनेच हार्लोंना सांगितली. त्याची कवटी आणि ती पहार आज हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

आता त्या खजिनदाराकडे वळावे. ललाटखंड व कानशिलामागचा भाग हळूहळू झिजविणारा एक विकार आहे. तो बहुधा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो, आणि त्यात विसराळूपणाच्या कितीतरी आधी स्वभाव बदलतो. संकोच सुटतो, दुसऱ्याच्या दुःखाने मन द्रवत नाही, गोडाची हाव सुटते, एकच कृती पुनःपुन्हा होते. स्मरण चांगले असल्यामुळे आजाराची शंकाही कोणास येत नाही. हा विकार थांबविणारे औषध आज नाही. परंतु अशीच लक्षणे मेंदूतील गाठीने, पडल्यामुळे आत साकळलेल्या रक्ताने, कंठग्रंथीच्या विकाराने किंवा ब-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेनेही दिसू शकतात, आणि यांवर इलाज आहे. म्हणून जन्मभराच्या वागण्याशी विसंगत असा पालट दिसला, तर सभेत ठराव आणण्यापूर्वी मज्जाविकारतज्ज्ञाकडे जाणे अगत्याचे. प्रत्येक अफरातफर हा आजार नसतो, हेही तितकेच खरे. चोर लपवितो, हा रुग्ण पुष्कळदा लपवीतही नाही.

चाव्या व जमाखर्चाची वही दुसऱ्याच्या हाती द्यावी लागेल. तेथे भीड उपयोगाची नाही. पण पहाटेच्या पूजेची फुले काढणे, ती ठराविक वेळी देवळात पोचविणे, वर्षानुवर्षांच्या देणग्यांची यादी नव्या खजिनदाराला तोंडी सांगणे, एवढे काम त्याच्याकडून अजून पुष्कळ दिवस होण्यासारखे आहे.