दान, नवोपक्रम आणि मितानिन



लोकहितार्थ दान आणि सामाजिक नवोपक्रम या विषयावरील परिषदांच्या व्यासपीठावर बहुधा देणगीदार, उद्योगपती, प्रशासक आणि संस्थाचालक असतात. ज्यांच्या श्रमांवर नवोपक्रम उभा राहतो, त्यांना वक्ता म्हणून क्वचितच पाचारण केले जाते. दान म्हणजे पैसा, ही समजूत त्यामागे असते. रायपूरचा अनुभव ही समजूत तपासून पाहण्यास उपयुक्त आहे.

रायपूरमधील दाऊ कल्याणसिंह रुग्णालय हे दानाच्या पारंपरिक स्वरूपाचे उदाहरण होय. तरेंगा येथील मालगुजार दाऊ कल्याणसिंह यांच्या देणगीतून ते उभे राहिले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य स्थापन झाल्यावर त्याच वास्तूत नव्या राज्याचे मंत्रालय आले. २०१२ मध्ये मंत्रालय नया रायपूर येथे हलले आणि २०१८ मध्ये तेथे पुन्हा रुग्णालय सुरू झाले. दाता वास्तू देऊ शकतो. ती चालविण्याची जबाबदारी अखेर सार्वजनिक व्यवस्थेवरच येते.

याच शहरातून २००२ साली वेगळ्या स्वरूपाचा प्रयोग सुरू झाला. राज्य शासन आणि ‘अॅक्शन एड’ ही स्वयंसेवी संस्था यांच्या सहकार्यातून रायपूर येथे राज्य आरोग्य संसाधन केंद्र स्थापन झाले व मितानिन कार्यक्रमाला आरंभ झाला. छत्तीसगडमध्ये दोन स्त्रिया विधिपूर्वक आजन्म मैत्रीचे नाते जोडतात. अशा सखीला मितानिन म्हणतात. आरोग्य कार्यकर्तीला हेच नाव देण्यात आले. तिची निवड गावासाठी नव्हे, तर प्रत्येक पाड्यासाठी करण्यात आली. विखुरलेल्या वस्तीच्या आदिवासी भागात हा निर्णय महत्त्वाचा ठरला. पुढे मितानिनींची संख्या सुमारे साठ हजारांवर पोहोचली.

याच सुमारास शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील प्रयोगही देशापुढे होता. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट झाल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा ‘आशा’ योजनेच्या आखणीत मितानिनचा अनुभव उपयोगी पडला. २०११ पासून नवजात बालकासाठी ठरावीक दिवशी गृहभेटी देणे हा आशांच्या कामाचा भाग झाला. प्रयोग संस्थेने करावा, पुराव्याने तो पारखावा आणि शासनाने त्याचा विस्तार करावा, असा हा क्रम आहे.

नमुना नोंदणी पद्धतीनुसार छत्तीसगडचा बालमृत्युदर २००० साली दरहजारी ७९ होता. २०२० साली तो ३८ झाला. याचे श्रेय एकट्या मितानिनला देता येणार नाही. रस्ते, लसीकरण, संस्थात्मक प्रसूती आणि धान्यवितरण यांचाही त्यात वाटा आहे. शिवाय त्या वर्षी देशाची सरासरी २८ होती. म्हणजे अंतर अद्याप उरलेच होते.

येथेच मूळ प्रश्न उपस्थित होतो. आरंभी मितानिनला वेतन नव्हते. सेवाभाव हेच कार्यक्रमाचे बळ मानले गेले. पुढे कामागणिक प्रोत्साहन रक्कम मिळू लागली. तथापि स्वयंसेविका हा दर्जा कायम राहिला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. परंतु रात्री-अपरात्री गर्भवतीसोबत दवाखान्यात जाणारी स्त्री बहुधा स्वतःच अल्पभूधारक किंवा मजूर कुटुंबातील असते. त्या दिवसाची तिची मजुरी बुडते. हा हिशेब मांडला, तर या नवोपक्रमाची सर्वांत मोठी देणगीदार तीच ठरते. दान स्वेच्छेने दिले जाते. गरजू स्त्रीकडून नित्याचे काम अल्प मोबदल्यात करवून घेणे यास दान म्हणता येत नाही.

कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ नुसार विशिष्ट आर्थिक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद लागू आहे. तीत कंपनीच्या कार्यक्षेत्रालगतच्या परिसरास प्राधान्य आहे. त्यामुळे पोलाद, कोळसा व वीज उद्योगांच्या पट्ट्यात निधी पोहोचतो. दुर्गम पाड्यास तो मिळेलच असे नाही. ही उणीव शासकीय अर्थसंकल्पानेच भरून काढावी लागेल.

सारांश, खासगी दानाचे उचित स्थान प्रयोगाच्या आरंभी आहे, सार्वजनिक निधीचे त्याच्या विस्तारात आहे आणि कार्यकर्तीच्या रास्त मोबदल्याचे स्थान या दोन्ही टप्प्यांत आहे. एखाद्या नवोपक्रमाचे मूल्यमापन करताना त्याचे लाभार्थी किती, याबरोबरच त्याचा भार कोणी वाहिला, हेही विचारले गेले पाहिजे.