मणक्यातील गादी आणि कष्टकऱ्याची कंबर

सातारा-सांगलीकडच्या खेड्यांतून कोणाच्या कमरेत उसण भरली, म्हणजे पहिली चौकशी होते ती पायाळू माणसाची. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, अशा व्यक्तीने दुखऱ्या कमरेला पाय लावला की उसण उतरते, ही समजूत फार जुनी आहे. दोन-चार दिवसांत माणूस उठून कामाला लागतो आणि श्रेय त्या पायाला मिळते. वस्तुतः स्नायू आखडल्यामुळे भरलेली साधी उसण बहुधा आपोआपच उतरते. पाय नुसता टेकवला, तर त्यात बिघडण्यासारखे फारसे नाही. लाथेने झटका देण्याचा प्रकार मात्र टाळावयास हवा. खरा प्रश्न उभा राहतो तो कळ कमरेपाशी न थांबता मांडीच्या मागून पोटरीत व पावलापर्यंत उतरू लागते, खोकताना-शिंकताना विजेसारखी चमकते, तेव्हा. या दुखण्याला व्यवहारात ‘गादी सरकली’ असे म्हणतात, आणि हे शब्द कानी पडताच कित्येक कर्त्या माणसांचा धीर सुटतो.

या शब्दापासूनच आरंभ करणे योग्य होईल, कारण निम्मी भीती त्या शब्दातूनच आलेली आहे. पाठीच्या कण्यात मणक्या-मणक्यांच्या मध्ये मिळून २३ चकत्या असतात. प्रत्येक चकतीचे बाहेरचे वलय कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकावर एक रचलेल्या चिवट तंतूंचे असते व आत मऊ गर असतो. तरुणपणी या गराचा बराचसा भाग पाणीच असते. दिवसभराच्या भाराने त्यातील काही पाणी बाहेर पडते आणि रात्री आडवे झाल्यावर ते पुन्हा शोषले जाते. म्हणूनच सकाळच्या मानाने सायंकाळी माणसाची उंची सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने कमी भरते. ही चकती वरच्या व खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असल्यामुळे ती बशीसारखी सरकूच शकत नाही. होते ते एवढेच की, वलय सैल पडून तिची कड बाहेर फुगते. ट्रॅक्टरच्या जुन्या टायरला फुगवटा येतो, तसे काहीसे समजावे. कधी वलयाला चीर पडून आतला गर बाहेर येतो व शेजारून जाणाऱ्या नसेला डिवचतो. कमरेच्या अगदी खालच्या दोन चकत्यांच्या बाबतीत हे सर्वाधिक घडते आणि तेथील नसा पायात जात असल्याने दुखते ते पायात.

पायातील कळेचे मूळ चकतीत असू शकते, हे बोस्टनचे डॉ. मिक्स्टर व डॉ. बार यांनी १९३४ साली शस्त्रक्रियांच्या आधारे दाखवून दिले. तेव्हापासून चकतीचा बोलबाला झाला. तो इतका की, पुढे एम.आर.आय. यंत्र आल्यावर प्रत्येक फुगवटा हा रोगच ठरू लागला. १९९४ साली अमेरिकेत कंबर कधी न दुखणाऱ्या ९८ व्यक्तींचे असे चित्रण केले, तेव्हा त्यांपैकी ५२ टक्क्यांच्या कण्यात कोठे ना कोठे फुगवटा आढळला. २०१५ साली अशा अनेक पाहण्या एकत्र करून पाहता, दुखणे नसलेल्यांतही विशीत सुमारे ३० टक्के व ऐंशीत ८४ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या दिसल्या. केस पांढरे व्हावेत, तशी ही वयाची खूण आहे. तेव्हा चित्रणाच्या अहवालातील एक ओळ वाचून शेत वाट्याने देण्याचा किंवा नोकरी सोडण्याचा विचार करणे सर्वथा अनाठायी होय. रुग्णाची तक्रार, तपासणी आणि चित्र या तिन्हींचा मेळ बसला, तरच त्या फुगवट्याला अर्थ असतो.

या दोन जिल्ह्यांना हा विषय परका नाही. पाटण व जावळीच्या डोंगराळ भागातून हजारो माणसे मुंबईच्या बाजारपेठांत ओझी वाहण्यास गेली. माथ्यावर भार घेणारे म्हणून ती माथाडी ठरली. पाटण तालुक्यातीलच अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. एके काळी धान्याचे पोते म्हणजे क्विंटलभर वजन, हे गृहीतच असे. आता ५० किलोंची गोणी रूढ झाली आहे. सांगलीच्या हळदीच्या पेठेत हमालांच्या पाठीवरूनच पोती फिरत आली. उसाच्या फडात तर तोडणी कामगार स्त्री-पुरुष मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढतात. कारखान्याच्या काट्यावर वजन होते ते वाहनाचे. मोळी बांधली जाते ती अंदाजाने. त्यातही हातात उचल घेतलेली असल्याने, कंबर धरली तरी कोयता खाली ठेवण्याची सोय नसते.

तथापि, सारा दोष ओझ्याच्या माथी मारता येणार नाही. फिनलंडमधील जुळ्या भावांच्या अभ्यासात असे दिसले की, चकत्यांच्या झिजेत आनुवंशिकतेचा वाटा कामाच्या स्वरूपाहून मोठा असतो. म्हणूनच ओझे न उचलणाऱ्या शिक्षकालाही हे दुखणे होते आणि एखादा हमाल साठीपर्यंत ताठ चालतो. परंतु रक्तातून आलेले बदलता येत नाही, ओझे बदलता येते. कमरेत वाकून, त्याच वेळी पीळ देऊन वजन उचलणे चकतीला सर्वांत जाचते. गुडघ्यांत वाकणे, वजन अंगालगत धरणे, गोणीला दोघांनी हात लावणे या गोष्टींना पैसा लागत नाही.

उपचाराबाबत जुना सल्ला होता फळीवर तीन आठवडे निजून राहण्याचा. तो आता मागे पडला आहे. नेदरलँड्समध्ये पायात कळ उतरलेल्या १८३ रुग्णांपैकी निम्म्यांना दोन आठवडे झोपवून ठेवले व उरलेल्यांना जमेल तसे हिंडू दिले. १२ आठवड्यांनी दोन्ही गटांतील ८७ टक्के रुग्ण सुधारलेले होते. याचा अर्थ, पडून राहिल्याने लाभ झाला नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या घराचे मात्र तेवढे दिवस बुडतात. असह्य कळ असताना दिवस-दोन दिवस विसावा, गुडघ्यांखाली उशी, शेक, डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दिवस वेदनाशामक आणि मग रोज थोडे अधिक चालणे, हा साधा मार्ग आहे. दुकानातून परस्पर गोळ्या आणून महिनोन् महिने घेणे मूत्रपिंडाला व जठराला घातक ठरते. कळ ओसरू लागली की, पोटाच्या व पाठीच्या स्नायूंचे व्यायाम भौतिकोपचार तज्ज्ञाकडून शिकून घ्यावेत. बाहेर आलेला गर शरीर पुष्कळदा स्वतःच शोषून घेते, ही गोष्ट रुग्णाला आवर्जून सांगितली पाहिजे. सहा ते बारा आठवडे तीव्र कळ टिकली, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या २८३ रुग्णांच्या पाहणीत लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम लवकर पडला. वर्षाअखेर मात्र दोन्ही गटांत ९५ टक्के बरे झाले होते. थांबलेल्या गटातील ३९ टक्क्यांना वर्षभरात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हेही सांगणे आवश्यक आहे. निर्णय रुग्णाने समजून-उमजून घ्यावयाचा आहे.

काही लक्षणांना मात्र एक दिवसही थांबू नये. लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूस व गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, दोन्ही पायांतील शक्ती कमी होणे, ही कण्याच्या शेवटच्या नसांचा जुडगा दाबला गेल्याची चिन्हे होत. येथे विलंब झाल्यास लघवीवरील ताबा कायमचा जाण्याचा धोका असतो. स्त्रिया संकोचाने ही लक्षणे सांगत नाहीत, म्हणून आशा सेविकेने व आरोग्यसेविकेने ती स्पष्ट शब्दांत विचारली पाहिजेत. चालताना चप्पल नकळत पायातून निसटू लागली, पाऊल वर उचलेनासे झाले, तरी तत्काळ तज्ज्ञ गाठावा. रात्रीचा बारीक ताप, वजन घटणे व वाढती पाठदुखी असेल, तर कण्याचा क्षय तर नाही ना, हे पाहावे लागते. तो औषधाने बरा होतो, परंतु वेळेवर ओळखला गेला तरच.

मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले, तेव्हापासून दूरदूरचे रुग्ण या भागात येत आले. १९६२ साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज कराड, सातारा, सांगली येथेही चित्रणाची यंत्रे आहेत. तपासणीची सोय अशी हाताशी आली. बरे झालेल्या माणसाला परत कामावर घेण्याची सोय मात्र अजून व्हावयाची आहे. सहा आठवड्यांनी परतलेल्या हमालाला पहिल्याच दिवशी गोणी न देता महिनाभर शिलाई, मोजणी वा पाळतीचे काम देणे बाजार समितीला अशक्य नाही. टोळीच्या मुकादमाने अशा माणसाला मोळ्या बांधण्यावर ठेवावे, वाहनात चढविण्यावर नव्हे. ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे पाण्याची पिंपे असतील, तर त्यांना चाकाचा गाडा द्यावा, आणि तो गाडा या वर्षीच्या अंदाजपत्रकातच धरावा.