हुकूम मोडायला शिकलेला कुत्रा

व्यासपीठावरचे मान्यवर, सर, बाई, पालक आणि मागे भिंतीला टेकून ‘हे कधी संपणार’ असं एकमेकांना खुणावणारे दहावीचे वीर, सगळ्यांना नमस्कार. पाहुण्यांचं भाषण डान्सच्या आधी का ठेवतात, हे मलाही ठाऊक आहे. डान्सनंतर ऐकायला कोण थांबणार?

तुमच्या आनंदमेळ्यात मी दोन वडापाव आणि एक भेळ खाल्ली. भेळेत मीठ जास्त होतं. तक्रार करणार होतो, तेवढ्यात स्टॉलवरची पाटी वाचली आणि गप्प बसलो. ‘दिव्यांगांसाठी मदतनीस श्वान : प्रशिक्षण निधी’. आपल्याकडे गणपतीची वर्गणी मागायला कुणी लाजत नाही. पण कुत्र्याच्या शिक्षणासाठी वर्गणी मी पहिल्यांदाच दिली.

माझं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. जिग-फिक्श्चर बनवतो, बराचसा माल चाकणला जातो. कुत्र्यांमधलं मला फारसं कळत नाही, म्हणून इथे येण्याआधी आमच्या पॅकिंगमधल्या काकांना विचारलं. काकांना अजिबात दिसत नाही. पन्नास बोल्टची पिशवी ते तळहातावर तोलतात आणि म्हणतात, ‘साहेब, एक कमी आहे.’ काट्यावर ठेवावी, तर खरंच एक कमी असतो. त्यांना म्हटलं, ‘काका, रस्त्याने नेणारा शिकवलेला कुत्रा मिळाला तर घ्याल?’ काका हसले. ‘साहेब, आमच्या गल्लीत आठ कुत्री आहेत. ती त्याला चौकापर्यंत तरी जाऊ देतील का? आणि त्याने चालायचं कुठून? फुटपाथवर तर गाड्या लावलेल्या असतात.’

हे उत्तर ऐकून मी जरा वाचायला बसलो.

अंधांसाठी कुत्री शिकवण्याची पहिली शाळा जर्मनीत ओल्डेनबर्गला १९१६ साली निघाली. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने आणि स्फोटांनी डोळे गेलेल्या सैनिकांसाठी. पुढे मॉरिस फ्रँक नावाचा अंध अमेरिकन तरुण स्वित्झर्लंडला जाऊन ‘बडी’ नावाची कुत्री घेऊन आला. १९२८ मध्ये न्यूयॉर्कला पत्रकारांच्या देखत त्याने बडीबरोबर गाड्यांनी वाहणारा रस्ता ओलांडून दाखवला. दुसऱ्याच वर्षी ‘द सीइंग आय’ ही संस्था सुरू झाली.

आता यातली खरी गंमत सांगतो. आपल्याला वाटतं, कुत्रा माणसाला नेतो. तसं नसतं. कुठे जायचं, कुठे वळायचं, हे माणूस ठरवतो. कुत्र्याला सिग्नलचा लाल-हिरवा कळत नाही. गाड्यांचा आवाज ऐकून माणूसच म्हणतो, ‘चल पुढे’. कुत्र्याच्या अंगावर पट्ट्यांचा साज असतो, त्याला ताठ दांडा असतो. कुत्रा थबकला, वळला, की ते दांड्यातून थेट हाताला कळतं. पायरी आली की कुत्र्याने थांबायचं; उघडा खड्डा, डोक्याला लागेल अशी फांदी, हे सगळं टाळायचं. फांदी त्याच्या स्वतःच्या डोक्याच्या कितीतरी वर असते, तरी मालकाच्या उंचीचा हिशेब त्यानेच ठेवायचा.

आणि सगळ्यात अवघड धडा शेवटी शिकवतात. मालक म्हणाला ‘चल’ आणि समोरून गाडी येत असेल, तर हलायचं नाही. आधी वर्षभर हुकूम पाळायला शिकवायचं आणि मग तो कधी मोडायचा ते शिकवायचं. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे लगेच कळतं. चाकणच्या चांगल्या कारखान्यात ऑपरेटरला सांगितलेलं असतं, की गडबड दिसली तर लाईन थांबव, सुपरवायझरला मागाहून सांग. पण प्रत्यक्षात टार्गेट डोक्यावर असताना लाईन थांबवायला किती जणांचा हात धजावतो? त्या कुत्र्याचा धजावतो. म्हणून ते शिक्षण महाग असतं.

पिल्लू दोनेक महिन्यांचं झालं, की वर्षभरासाठी एका घरात ठेवतात. घरच्यांनी त्याला बसस्टॉप, बाजार, लिफ्ट, प्रेशर कुकरच्या शिट्ट्या, सगळ्याची सवय लावायची. लळा लागला, की परत द्यायचं! ती घरं पैसे घेत नाहीत. मग प्रशिक्षकाकडे कित्येक महिने. त्यातही सगळीच पास होत नाहीत, दहावीसारखंच. पास झालेला कुत्रा सात-आठ वर्षं काम करून निवृत्त होतो. अंधांसाठीच नाही, तर दाराची बेल वाजली की बहिऱ्या माणसाला हलवून सांगणारी, व्हीलचेअरवरच्या माणसाची पडलेली किल्ली उचलून देणारी कुत्रीही अशीच तयार करतात.

१९६४ मध्ये ब्रिटनमध्ये ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमाने साद घातली आणि तुमच्या वयाच्या मुलांनी चांदीचा कागद, दुधाच्या बाटल्यांची झाकणं असलं भंगार गोळा केलं. त्या पैशातून अंधांसाठी कुत्री उभी राहिली. आता भंगाराला आपल्या पट्ट्यात तोटा नाही. ते कोण उचलतं आणि त्यावरून काय काय होतं, हे मात्र मी या माईकवरून बोलणार नाही.

भंगारासारखाच पैशांचाही तोटा नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकामासाठी खर्चावे लागतात. त्या कामांच्या यादीत दिव्यांगही आहेत आणि प्राणीही. पण चेकने फुटपाथ मोकळा होत नाही. गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण आपोआप होत नाही. आणि हॉटेलवाला ‘कुत्रा बाहेर बांधा’ म्हणाला, तर कुत्र्याबरोबर माणूसही बाहेरच राहतो. सोसायटीच्या लिफ्टचंही तेच. तिथे तुमच्या बाबांशी भांडण तुम्हालाच करावं लागेल. करा.

आणि हे सगळं दया म्हणून करू नका. मुरलीकांत पेटकरांचं नाव सिनेमामुळे तुम्हाला ठाऊक आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला हा बॉक्सर १९७२ मध्ये हायडलबर्गला ५० मीटर पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण घेऊन आला. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी त्यांना मदत केली आणि नोकरी दिली ती टेल्कोने. ती नोकरी आपल्याच भागातली. म्हणून दान घेणाऱ्याकडे बघून ‘बिचारा’ म्हणण्याची आपल्याला काही गरज नाही.

ते ‘सीइंग आय’वाले कुत्रा फुकट देत नाहीत. पहिल्या कुत्र्याचे दीडशे डॉलर घेतात. १९३४ पासून आजपर्यंत तेवढेच. खर्चाच्या मानाने ती रक्कम काहीच नाही, पण कुत्रा नेणारा माणूस पैसे मोजून नेतो.

माझ्या वर्कशॉपचा चेक मी बाईंकडे दिलाय, त्याचं काही विशेष नाही. पण काल निघताना काकांनी माझ्या खिशात पन्नास रुपये कोंबले. म्हटलं, ‘काका, तुम्हाला तर कुत्रा नको होता.’ म्हणाले, ‘मला नको. पण फुटपाथ होईल तेव्हा कुणाला तरी लागेल.’ मग गेटपर्यंत जाऊन परत आले. ‘साहेब, पावती माझ्या नावाने आणा. साधी चालेल, बायको वाचून दाखवील.’

तर बाई, ती पावती तेवढी आधी फाडा.