पळी, वाटी आणि सुतळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले; पुढची सारी शाळा स्वयंपाकघरातच भरली. मंडळाने मला 'वजन' हा विषय दिला, तो का दिला हे आपण सर्वजणी जाणतो. मंडळात आरोग्य तपासणी झाली त्या वेळी रक्तातील साखर आणि रक्तदाब वाढलेल्या किती भगिनी निघाल्या, ते आपण पाहिले. त्या दिवशी रांगेतील एक भगिनी डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "बाई, मी सगळ्यांच्या मागून जेवते. उरलेसुरले खाते. पंचपक्वान्ने माझ्या पानात कधी पडत नाहीत. मग माझेच वजन का वाढते?" रांग मोठी होती. बाईंनी 'कमी खा' असे सांगितले आणि पुढचे नाव पुकारले. प्रश्न मात्र तसाच राहिला. आज मी त्या एकाच प्रश्नाविषयी बोलणार आहे.

पहिल्यांदा हिशेबाची गोष्ट सांगते. मुले ज्याला कॅलरी म्हणतात आणि पुस्तकात ज्याला उष्मांक म्हणतात, ते मोजून वजन राखावे असे हल्ली सांगतात. शास्त्र खोटे नाही. पण आमच्या शेजारच्या वहिनींना त्यांच्या सुनेने मोबाईलवर हा हिशेब लावून दिला, त्याचे काय झाले ते ऐका. पोळी एक, भाजी एक वाटी, असे वहिनी नेमाने सांगत आणि सून लिहून घेई. पण पोळी कोणाची? एकीची पोळी पापडासारखी, दुसरीची दशमीएवढी जाड. एकीच्या आमटीवर तेलाचा तवंग, दुसरीची नुसती वरणासारखी. त्यातून नातवाने टाकलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाचा दोन घास भात, चहाबरोबरचे बिस्कीट हे काही त्या हिशेबात आलेच नाही. पंधरा दिवसांनी वहिनींनी मोबाईल सुनेच्या हातात परत दिला.

आपल्या आज्या-पणज्यांना उष्मांक ठाऊक नव्हते, पण माप ठाऊक होते. चिमूट, मूठ, ओंजळ, पळी, वाटी, चिपटे, मापटे! मोजायचे ते अन्न करण्यापूर्वी. पानात पडल्यावर मोजणे म्हणजे दळण सांडल्यावर पीठ गोळा करण्यासारखे आहे.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे वळते. 'मी उरलेसुरले खाते' असे ती म्हणाली. भगिनींनो, तिच्या प्रश्नाचे मोठे उत्तर त्या दोन शब्दांतच आहे. आपण सर्वांना वाढतो, मागून बसतो आणि काय उरले ते पाहतो. भाजी संपलेली असते, कोशिंबीर तर केव्हाच संपते. उरते काय? भात, पोळी आणि आमटीचे पाणी. भाजीवाचून भात जात नाही म्हणून लोणचे आणि तेल-चटणी घेतो. वर 'अन्न टाकू नये' म्हणून पातेले पुसून खातो. भूक एका पोळीची असली तरी पोटात जातात दोन. अन्न हे पूर्णब्रह्म, ते टाकू नये हे मलाही मान्य आहे. पण ते न टाकण्याचा भार घरातील एकट्या बाईच्या पोटाने का वाहावा? आपले पोट म्हणजे शिळ्याचे कपाट नव्हे.

यावर उपाय दोन. पहिला, तांदूळ वाटीने मोजून घ्यावा. अंदाजे ओतू नये. रोज किती भात उरतो हे आठ दिवस पाहावे आणि तेवढे तांदूळ कमी घ्यावे. दुसरा, उरलेच तर दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात किंवा पोळीचा कुस्करा करून तो सर्वांना थोडा थोडा वाढावा. आणि भाजी व कोशिंबीर यांची आपली वाटी सर्वांना वाढतानाच बाजूला काढून ठेवावी. ज्या घरात सर्वजण एकत्र बसू शकतात तेथे बाईनेही त्याच पंगतीला बसावे. यात सासूबाईंचा अपमान नाही आणि कोणाचे काही कमीही होत नाही.

पानाविषयी थोडे सांगते. आपले पान वाढण्याची रीत फार शहाणपणाची आहे. डाव्या हाताला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजव्या हाताला भाजी, उसळ, आमटी, मध्ये भात-पोळी. रीत राहिली, पण प्रमाण बिघडले. कोशिंबीर चमचाभर, भाजी तोंडी लावण्यापुरती आणि मधला डोंगर मात्र मोठा! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक पुस्तिका काढली. तीत माणशी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत. पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो भाजी झाली! कांदा, टोमॅटो, गाजर, मुळा, काकडी, पालेभाजी हे सगळे धरून हे माप आहे. महागाईत इतके जमेलच असे नाही, तरी आज अर्धा किलोत भागवत असाल तर एक किलोपर्यंत जावे. बाजाराच्या दिवशी ऋतूतली भाजी स्वस्त मिळते. पेरू, केळे, बोरे ही आपली फळे परदेशी सफरचंदाहून कमी नाहीत. अर्धे पान भाजी-कोशिंबिरीचे, पाव पान डाळ-उसळीचे आणि पाव पान भात-भाकरीचे, हा अंदाज डोळ्यांनी घेता येतो. मूग, मटकी, हरभरा, ताक आणि चालत असेल त्या घरी अंडे, मासळी यांनी पोट लवकर भरते आणि बराच वेळ भरलेले राहते. त्यामुळे चार वाजता फरसाणाच्या डब्याकडे हात जात नाही.

आता वाणसामानाची यादी पाहू. तेलाच्या एका ग्रॅममध्ये नऊ उष्मांक असतात, पीठ-साखरेच्या एका ग्रॅममध्ये चार. म्हणून तेलाची पळी जरा वाकडी झाली की सगळा हिशेब वाकडा होतो. डॉक्टरमंडळी साधारणपणे माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल पुरे म्हणतात. पाच माणसांच्या घराला अडीच लिटर. आपल्याकडे किती लागते ते ज्याने त्याने आपल्या यादीवरून पाहावे. मी येथे कोणाला विचारणार नाही. बुधलीतून थेट कढईत ओतण्यापेक्षा महिन्याचे तेल एका डब्यात काढून ठेवावे आणि पळीने घ्यावे. डबा विसाव्या तारखेला रिकामा झाला तर कोणी उपदेश करण्याची गरज नाही. आणि आपले शेंगदाण्याचे कूट! शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेलच असते. कूट पौष्टिक आहे, सोडू नये, पण ज्या भाजीत मूठभर कूट त्या भाजीत तेल कमी असावे.

साखरेचेही असेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. म्हणजे सुमारे सहा लहान चमचे. चार वेळा चहा आणि दर कपात दोन चमचे म्हणजे आठ चमचे झालेच. पेढा, बिस्कीट, सरबत वेगळे. चहा एकदम सोडू नका. पण चमचा आठवड्याआड थोडा थोडा उणा करत जा. जिभेला महिन्याभरात सवय होते. गूळ घातला म्हणजे सुटलो असेही नाही. गूळ ही साखरेचीच बहीण.

उपवासाविषयी बोलले तर कोणी रागावू नये. देवाच्या नावाने एक दिवस पोटाला विश्रांती मिळावी ही कल्पना चांगली. पण साबुदाणा म्हणजे बहुतेक निव्वळ पिष्ट, त्यात कूट आणि तूप. सकाळी खिचडी, दुपारी वडे, रात्री बटाट्याचा कीस! 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्यासाठीच केलेली आहे. वरी, राजगिरा, ताक, फळ, रताळे यांत उपवास नीट साजरा होतो. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी सांगितलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी नेलेली दोन वेळच जेवण्याची पद्धत आपल्यातील काहीजणी पाळतात. तीतील एक गोष्ट सर्वांनीच घ्यावी, ती म्हणजे अधूनमधून तोंड चालवू नये. पण मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या भगिनींनी डॉक्टरांना विचारल्यावाचून एकही जेवण सोडू नये. साखर एकाएकी उतरली तर ते जिवावर बेतते.

आता तुम्ही म्हणाल, वजन योग्य आहे की नाही हे कळावे कसे? काट्याचा आकडा नेहमी खरे सांगत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची एक गोष्ट मुलीने मला वाचून दाखवली. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचे आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. उंची आणि वजन यांवरून काढलेला दोघांचा आकडा तंतोतंत एक, २२.३. पण इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी शंभरात ९ आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१! आपली भारतीय माणसे हातापायांनी सडसडीत दिसतात आणि चरबी पोटात साठवतात. तीच मधुमेहाला वाट करून देते. म्हणून काट्यापेक्षा कमर पाहावी. स्त्रीची कमर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या आत असावी. शिवणाचा टेप नसेल तर सुतळी घ्या. टाचेपासून डोक्यापर्यंत आपल्या उंचीएवढी कापा. तिची बरोबर निम्म्यावर घडी घाला आणि ती दुहेरी सुतळी बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती धरा. निऱ्यांवरून नव्हे, आणि श्वास ओढून पोट आत घेऊनही नव्हे! दोन्ही टोके जुळली तर ठीक. नाही जुळली तर पळीकडे आणि वाटीकडे लक्ष द्यावे. गरोदर भगिनींसाठी हे माप नाही.

आपल्या आयांच्या काळी जाते, पाटा-वरवंटा आणि विहिरीचे पाणी होते. आता गिरणी, मिक्सर आणि नळ आहे. जाते परत आणा असे मी मुळीच म्हणणार नाही. त्या कष्टांनी कितीजणींची कंबर मोडली ते मी पाहिले आहे. पण कष्ट सुटले आणि भाताचे माप तेच राहिले, तर पोट वाढणारच. आठवड्यात पाच दिवस रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा चालीने चालावे. घरातले काम म्हणजेच व्यायाम असे काहीजणी म्हणतात. ओट्यापाशी उभे राहून पाय दुखतात खरे, पण छातीचा भाता हलत नाही. दोघी-तिघींनी मिळून निघावे. एकटीला रोज निमित्त सापडते. आणि जेवण सावकाश करावे. पोट भरल्याची वर्दी डोक्याला पोचायला वीस मिनिटे तरी लागतात. आपण उभ्या उभ्या सात मिनिटांत जेवतो.

एक इशारा दिल्यावाचून राहवत नाही. बारीक होणे म्हणजे निरोगी होणे नव्हे. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या शंभर भारतीय स्त्रियांपैकी सुमारे २४ जणींचे वजन जास्त निघाले, सुमारे १९ जणी प्रमाणापेक्षा कृश निघाल्या, आणि ५७ जणींच्या अंगात रक्त कमी होते. जाड बाईच्या अंगातही रक्त कमी असू शकते. म्हणून आपल्या मुली रात्रीचे जेवण टाकू लागल्या, तर कौतुक करू नये. आणि काही न करता वजन भराभर उतरू लागले तर आनंद मानू नये. मधुमेह किंवा क्षयही असू शकतो. एकाएकी वाढू लागले, सूज आली, थकवा आला तर थायरॉईडची तपासणी करून घ्यावी. वजन उतरवायचे असेल त्यांनी घाई करू नये. महिन्याला एक-दोन किलो उतरले तरी पुष्कळ.

घरात कोणाला पथ्य लागले की आपण त्याच्यासाठी वेगळी भाजी करतो. यजमानांना कमी तेलाची, सासूबाईंना बिनसाखरेचा चहा. स्वतःसाठी कोणी वेगळी वाटी काढत नाही. आजपासून ती काढावी, एवढीच माझी विनंती. जी बाई साऱ्या घराला वाढते तिने स्वतःलाही वाढून घ्यावे, पुरेसे आणि वेळेवर.

दाराशी मंडळाने सुतळीचा एक गुंडा ठेवला आहे. जाताना प्रत्येकीने आपल्या उंचीएवढी कापून न्यावी आणि घरी दार लावून माप पाहावे. आकडा कोणाला सांगू नका. सुतळी तेवढी जपून ठेवा, आणि पुढच्या वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी पुन्हा धरून पाहा.