रोकचं बंद दार



अर्थसीबद्दल बोलताना आपण पहिल्यांदा गेडच्या रंगाकडे वळतो, आणि ते साहजिक आहे. उर्सुला ल ग्विन यांनी १९६८ साली, अमेरिकेत बसून, जादूगार नायक तांबूस-सावळा आणि हल्ला करणाऱ्या लुटारू टोळ्या गोऱ्या दाखवल्या. २००४च्या टीव्ही मालिकेत गेडचं काम गोऱ्या नटाला मिळालं, तेव्हा त्यांनी जाहीर निषेध केला. इथे राहणाऱ्या आपल्याला तो राग समजावून सांगावा लागत नाही.

मला मात्र रोकच्या जादूविद्यालयाचं दार जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथे सावळ्या मुलांना प्रवेश आहे, मुलींना नाही. पहिल्या तीन पुस्तकांत हे कुणाला खटकत नाही. १९९०च्या 'टेहानू'मध्ये एक शेतकरी विधवा आणि एक भाजलेली मुलगी कथेच्या मध्यभागी येतात, तेव्हा तो अन्याय दिसू लागतो. २००१च्या कथांत तर कळतं की विद्यालय उभारणाऱ्यांत बायकाही होत्या. नंतर त्यांनाच बाहेर ठेवलं गेलं.

असं दार १८४८ साली पुण्यात जोतिबा-सावित्रीबाईंनी मुलींसाठी उघडलं, याचा आपल्याला अभिमान आहे. तरीही २०२३ मध्ये सिअॅटल शहराने जातीवरून होणाऱ्या भेदभावावर बंदी घातली, तेव्हा इथल्याच काही भारतीय संस्था विरोधात उभ्या राहिल्या.

रंगाचा भेद आपल्याला सोसावा लागतो, म्हणून तो दिसतो. दाराच्या आत असलेल्याला दार बंद आहे हे जाणवत नाही. म्हणून चर्चेला माझा प्रश्न एवढाच: रोकचं दार पहिल्याच वाचनात आपल्यापैकी कुणाकुणाला खटकलं?