चेसिस नंबरावरचं देणं



२४ जुलै २०२३ रोजी मारुती सुझुकीने आपल्या ८७,५९९ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. एस-प्रेसो आणि ईको या त्या गाड्या. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात तयार झालेल्या. स्टिअरिंगच्या टाय रॉडच्या एका भागात दोष असावा, क्वचित प्रसंगी तो तुटू शकतो आणि गाडी वळवण्यावर परिणाम होऊ शकतो, असं कंपनीने स्वतःहून जाहीर केलं. तपासणी मोफत, आणि भाग बदलावा लागला तर तोही मोफत.

बातमी दोन दिवस चालली आणि मागे पडली. पण ईको ही आपल्या बीड जिल्ह्यात नुसती कुणाच्या दारातली गाडी नाही. सकाळी वस्तीवरची पोरं शाळेत नेते ती ईको, रात्री-अपरात्री अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला पेशंट नेते तीही ईको. बीड शहरात रेल्वे पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर आपलं बरंचसं येणं-जाणं रस्त्यावर होतं, आणि बहुतेकांचं अजूनही रस्त्यावरच आहे. म्हणून आज गाडीच्या रिकॉलबद्दल, म्हणजे या परत बोलावण्याबद्दल, बोलायचं आहे.

टाय रॉड म्हणजे काय, ते आधी सांगतो. आपण स्टिअरिंग फिरवतो तेव्हा गाडीखाली एक आडवा रॅक डावी-उजवीकडे सरकतो. त्या रॅकच्या दोन्ही टोकांपासून पुढच्या दोन चाकांपर्यंत एकेक लोखंडी दांडा गेलेला असतो. तो टाय रॉड. रॅक सरकला की दांडा चाकाला ढकलतो किंवा ओढतो, आणि चाक वळतं. एका बाजूचा दांडा तुटला तर स्टिअरिंग हातात असूनही त्या बाजूचं चाक ऐकत नाही. मांजरसुंब्याच्या घाटात किंवा धारूरच्या घाटात, मागे आठ माणसं बसलेली असताना हे झालं तर काय होईल, ते गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको.

आता प्रश्न असा की ही सूचना कुणाला मिळते? कंपनीच्या दप्तरी ज्याचा पत्ता आणि मोबाईल नंबर आहे, त्याला. म्हणजे बहुधा पहिल्या मालकाला. आणि आपल्याकडे गाड्या कुठून येतात? पुण्याहून, संभाजीनगरहून, सेकंड हँड. तिथला मालक चार वर्षं वापरून विकतो, मध्ये एखादा एजंट असतो, मग गाडी केजला किंवा माजलगावला येते. मेसेज पुण्याच्या मोबाईलवर जातो आणि टाय रॉड आपल्याकडच्या रस्त्यावर फिरत राहतो. म्हणून मेसेजची वाट बघू नका. आरसी काढा. तिच्यावर चेसिस नंबर असतो, इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून सतरा. मोठ्या कंपन्यांच्या वेबसाइटवर हा नंबर टाकला की तुमची गाडी रिकॉलमध्ये आहे की नाही ते कळतं. घरातलं कॉलेजात जाणारं पोरगं पाच मिनिटांत बघून देईल. वाहन उत्पादकांची संघटना, सियाम, हिच्या वेबसाइटवरही कंपन्यांनी जाहीर केलेल्या रिकॉलची माहिती असते.

समजा नंबर लागला. तुम्ही वर्कशॉपला गेलात. खरी अडचण सुरू होते ती तिथे.

अशा एका काउंटरवर मी एका चालकाबरोबर उभा होतो. गाडी सेकंड हँड, शाळेच्या भाड्याची. पलीकडचा सर्व्हिस अॅडव्हायझर वयाने लहान, बोलायला अदबशीर. म्हणाला, "काका, गाडी आपल्याकडून घेतलेली नाही ना." चालक म्हणाला, "नाही साहेब, पुण्याची आहे." मग तो म्हणाला, "वॉरंटी पण संपलीय. आणि तो पार्ट सध्या स्टॉकला नाही. आला की फोन करतो. तोवर सर्व्हिसिंग करून घ्या, बाराशे-पंधराशेत होईल." चालकाने मान डोलावली आणि तो गाडीकडे वळला. एका वाक्यालाही त्याने हरकत घेतली नाही. साहेब सांगतात म्हणजे तसंच असणार, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. आणि हेच मला फार लागलं. ज्या माणसाच्या मागच्या सीटवर रोज दहा-बारा लेकरं बसतात, तो आपल्या हक्काच्या कामासाठी उपकार मागितल्यासारखा उभा होता.

त्या पोराने सांगितलेली पहिली दोन कारणं मुळातच गैरलागू आहेत. गाडी कुठून घेतली याचा रिकॉलशी संबंध नाही. रिकॉल माणसावर नसतो, शोरूमवर नसतो, तो चेसिस नंबरावर असतो. मालक तिसरा असो की चौथा, दोष कारखान्यातून आलेला आहे आणि तो काढून देणं कंपनीचं देणं आहे. वॉरंटीचंही तसंच. वॉरंटी म्हणजे विक्रीच्या वेळी दिलेली मुदतीची हमी. रिकॉल म्हणजे आमच्या मालात धोका आहे अशी खुद्द उत्पादकाने दिलेली कबुली. एकीची मुदत संपली म्हणून दुसरी मिटत नाही. आणि या कामासाठी आधी पैशाचं सर्व्हिसिंग करून घ्या, अशी अट कुणालाच घालता येत नाही.

तिसरं कारण, पार्ट नाही, हे खरं असू शकतं. रिकॉल एका दिवसात जाहीर होतो, पण हजारो गाड्यांचे भाग देशभर पोचायला वेळ लागतो. डीलरचीही बाजू समजून घ्यायला हवी. अशा कामाची मजुरी त्याला गिऱ्हाइकाकडून मिळत नाही, कंपनीकडे क्लेम करून घ्यावी लागते. तेवढ्यात पैसे देणारी दुसरी गाडी रॅम्पवर चढते. हे मी समजू शकतो. पण समजून घेणं वेगळं आणि गाडी तशीच रस्त्यावर परत पाठवणं वेगळं. पार्ट नसेल तर निदान तपासणी करा, आणि सध्या गाडी चालवणं सुरक्षित आहे की नाही, ते लिहून द्या.

लिहून द्या, हे दोन शब्द काउंटरवर शांतपणे उच्चारायचे. आवाज चढवायची गरज नाही. जॉब कार्ड उघडायला लावायचं. त्यावर चेसिस नंबर, किलोमीटर, तारीख आणि तक्रारीच्या रकान्यात "रिकॉलचं काम" असं लिहून घ्यायचं. पार्ट नसल्याचा शेराही त्यावरच मागायचा. तो द्यायला नकार मिळाला तर तिथेच, काउंटरसमोर उभं राहून, कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करायचा: अमुक नंबरची गाडी, अमुक तारखेला, अमुक वर्कशॉपमध्ये आणली, काम करून दिलं नाही, कारण असं सांगितलं. चार ओळी पुरतात, मराठीतही चालतात. त्या दिवशी आम्ही हेच केलं. जॉब कार्ड निघालं, गाडी रॅम्पवर चढली, दोन्ही टाय रॉड तपासले गेले आणि भाग आल्यावर बदलूनही मिळाला. एक रुपया लागला नाही.

कंपनीलाही कळवायचं, याला कारण आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गोव्यातल्या एका ग्राहकाच्या प्रकरणाचा निकाल लागला. डीलरने जुन्या सालची गाडी नवी म्हणून विकली, अशी ती तक्रार होती. न्यायालयाने म्हटलं की कंपनी आणि डीलर हे दोन स्वतंत्र व्यापारी आहेत. कंपनीला त्यात माहिती किंवा सहभाग होता हे दाखवल्याशिवाय डीलरच्या कृत्याचा भार कंपनीवर टाकता येणार नाही. डीलरची जबाबदारी मात्र कायम राहिली. आपल्याला यातून घ्यायचं ते एवढंच: नुसतं डीलरशी तोंडी बोलत राहिलात, तर उद्या कंपनी म्हणू शकते की आमच्यापर्यंत काही आलंच नाही. तो ईमेल असला की असं म्हणायला जागा उरत नाही.

आता कायद्याकडे येतो. आपल्या देशात बराच काळ रिकॉलला कायदाच नव्हता. २०१२ मध्ये सियामने एक ऐच्छिक संहिता केली. पाळणं न पाळणं कंपनीच्या मर्जीवर. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ११०-अ आलं आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. दोषामुळे पर्यावरणाला, गाडीतल्या माणसांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका असेल तर केंद्र सरकार रिकॉलचा हुकूम काढू शकतं. कंपनीला गाडी दुरुस्त करून द्यावी लागते, बदलून द्यावी लागते किंवा पूर्ण किंमत परत करावी लागते. शिवाय दंड, दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. कंपनीने स्वतः दोष कळवून रिकॉल केला तर मात्र दंड नाही, आणि ही सवलत मला योग्य वाटते; दोष लपवण्यापेक्षा सांगणं कंपनीच्या फायद्याचं असायलाच हवं.

पण सक्तीच्या रिकॉलसाठी एकाच मॉडेलच्या ठरावीक प्रमाणात मालकांच्या तक्रारी नोंदलेल्या असाव्या लागतात, किंवा तपासणी संस्थेचा अहवाल तरी हवा. तक्रार नोंदवायची सोय केंद्र सरकारच्या वाहन पोर्टलवर आहे. आपल्याकडे गाडीत दोष निघाला की आपण फिटरकडे जातो, पैसे देतो आणि गप्प बसतो. म्हणजे बीडच्या रस्त्यावर दिसलेला दोष दिल्लीच्या मोजणीत येतच नाही. हे बदलायला हवं, असं मला कळकळीने वाटतं.

आणखी एक गोष्ट मला मुळीच पटलेली नाही. हे नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच आहेत. शहरातला माणूस सात वर्षांत गाडी बदलतो. आपल्याकडे सात वर्षांची गाडी घरात नवी म्हणून येते, तिला हार घातला जातो. आणि सगळेच दोष सुरुवातीला दिसतात असंही नाही. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं उदाहरण जगाला माहीत आहे. तिच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा लागून ते बिघडत गेलं, आणि बॅग फुगताना धातूचं कवच फुटून त्याचे तुकडे माणसांना लागले. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. भारतातही होंडाने जुन्या गाड्या याच कारणासाठी पुन्हा पुन्हा बोलावल्या. तो दोष गाडीच्या वयाबरोबर वाढणारा होता. तिथे सात वर्षांचं कुंपण घालून कुणाचं रक्षण होणार?

दुचाकीवाल्यांनीही हे आपलं नाही असं समजू नये. २६ मार्च २०२२ ला पुण्यात लोहगाव भागात एक ओला इलेक्ट्रिक स्कूटर रस्त्याच्या कडेला उभी असताना पेटली. त्यानंतर एप्रिलमध्ये कंपनीने त्या बॅचच्या १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत घेतल्या. २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलच्या दोषासाठी २,३६,९६६ मोटारसायकली बोलावल्या होत्या. बुलेटवाले आपल्या जिल्ह्यात थोडे नाहीत.

एवढं करूनही काम झालंच नाही तर? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, मराठीत बोलता येतं. त्यापुढे बीडला जिल्हा ग्राहक आयोग आहे. डीलर पुण्याचा असला तरी पुण्याला हेलपाटे घालायचे नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथेच तक्रार करायची मुभा दिली आहे. वकील लागतोच असं नाही. गाडीची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, पाच ते दहा लाख असेल तर दोनशे रुपये. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, तेवढं सांभाळा. याच कायद्यात असंही म्हटलं आहे की उत्पादकाने दिलेली धोक्याची सूचना विक्रेत्याने माल विकताना पुढे पोचवली नाही आणि त्यातून कुणाला इजा झाली, तर भरपाईची जबाबदारी विक्रेत्यावरही येते. गाडी त्याच डीलरकडून घेतली असेल, तर सर्व्हिस मॅनेजरशी बोलताना याची आठवण जरूर करून द्या.

भाड्याने गाडी चालवणाऱ्यांच्या मनात एक भीती असते: आपण धंद्यासाठी गाडी घेतली, मग आपण ग्राहक कसले? कायदा तुमच्या बाजूने आहे. स्वतः गाडी चालवून त्यावर पोट भरणारा माणूस ग्राहकच आहे. गाडी दाखवून कुणी तुम्हाला व्यावसायिक म्हटलं, तर हे सांगा.

आणि काम झाल्यावर जॉब कार्डची प्रत फेकू नका. आरसी आणि इन्शुरन्सच्या त्याच पिशवीत ती ठेवा. उद्या गाडी विकाल तेव्हा घेणाऱ्याच्या हाती चावीबरोबर तीही द्या, आणि तुम्ही जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा एजंटकडे ती मागा. नसेल, तर आगाऊ रक्कम देण्याआधी चेसिस नंबर तपासून घ्या.