सोंड्याला पुरून उरणारा दाणा



बाभुळगावकडे खळे उठले, की ज्वारी कणगीत जायची. कणगी शेणामातीने लिंपलेली, तोंड बंद. वर्षाची भाकर तिच्यात. पण पावसाळ्यात झाकण काढावे, तो दाण्यांबरोबर पीठच ओघळावे. घरची बाई म्हणायची, "सोंडे लागले की हो!" आणि सगळे कणगीला बोल लावायचे. पण दोष नेहमी कणगीचाच असतो का? आज जरा दाण्याकडे पाहू.

सोंड्याची मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडे घालते आणि चिकट बूच बसवून भोक बुजवते. म्हणून वरून दाणा धडधाकट दिसतो. अळी आतला गर खाते, आतच कोषात जाते आणि उबदार दिवसांत महिना-सव्वा महिन्याने भुंगा होऊन बाहेर पडते. एक मादी आयुष्यात तीनशेच्या आसपास अंडी घालू शकते. आता हिशेब तुम्हीच करा!

मात्र सगळे दाणे तिला सारखे नसतात. दाणा मधोमध कापून पाहा. काचेसारखा भाग जास्त असेल तर दाणा कडक. पांढरा, पिठूळ भाग जास्त असेल तर मऊ. कडक दाण्याला भोक पाडणे जड जाते. अंडी कमी पडतात, अळी सावकाश वाढते. मक्याचेही तसेच. शिवाय मक्याच्या कणसावर पानांचे पांघरूण असते. ते शेंड्यापर्यंत घट्ट असले, तर शेतातच येणाऱ्या सोंड्याला वाट मिळत नाही. शेंडा उघडा राहिला, की कीड तिथून आत शिरते.

१९६४ साली सी. एस. एच. १ ही संकरित ज्वारी आली. आपल्याच जिल्ह्यातले, पुसदचे वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. त्यांनी संकरित ज्वारीचा आग्रह धरला. उतारा वाढला, हे खरेच. पण हे वाण लवकर पिके, पावसात कणीस सापडे आणि दाणा काळा पडे. ओलसर दाणा म्हणजे किडीला आमंत्रण. वाणाची परीक्षा खळ्यावर संपत नाही, ती कणगीतही द्यावी लागते, हा त्यातला धडा.

तेव्हा बियाणे घेताना उताऱ्याबरोबर दाण्याचा कडकपणाही विचारा. घरी ठेवायला कडक दाणा ठेवा. मऊ दाणा आधी खा किंवा विका. पण कडक दाणा म्हणजे अभेद्य किल्ला नव्हे, बरं का! तोही दाताखाली कट्‌कन वाजेपर्यंत वाळवा. ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा. फुटके दाणे चाळून काढा, कारण तांबडा भुंगा त्यांच्यावरच पोसतो. आणि नवे धान्य जुन्यावर कधी ओतू नका.

गुरुजींनी शाळेत एक प्रयोग करावा. दोन बाटल्यांत सारख्या वजनाचे, सारखे वाळलेले दाणे घ्या. एकीत कडक, दुसरीत मऊ. दोन्हींत वीस-वीस सोंडे सोडून तोंडाला फडके बांधा. दहा दिवसांनी ते सोंडे काढून टाका आणि दोन महिन्यांनी नवे निघालेले मोजा. मुले घरी जाऊन जे सांगतील, ते शंभर भाषणांनी होणार नाही.

आज आपल्या भागात ज्वारीच्या जागी सोयाबीन फार झाले. ज्यांनी घरच्या भाकरीपुरती ज्वारी राखली आहे, त्यांनी पेरतानाच कणगीची आठवण ठेवावी.